बापांची बैठक पाळी बघून भरवा

आशा ताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येते. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. बाळाचं वजन, ताप, अंगावरचं दूध, आईची तब्येत हे सगळं बघून ती लिहून घेते. भिवंडीच्या यंत्रमाग वस्तीत या सहा भेटींत बाळाचा बाप जागा भेटणं अवघड. दिवसपाळी असेल तर तो कारखान्यात असतो. रात्रपाळी असेल तर त्याच खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपलेला असतो, आणि ताई आवाज खाली आणून बोलते.

पाळी बारा तासांची, मजुरी मीटरवर. एकाच वेळी चार-सहा माग सांभाळणारा कामगार तासभर बाहेर पडला की तेवढं कापड कमी निघतं, तेवढे पैसे कमी होतात. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला मूल झाल्यावर 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते. माग चालवणाऱ्याच्या वाट्याला फक्त खाडा.

अशा बापाची समाजकार्याच्या फायलीत दोनच ठिकाणी नोंद होते: एकदा नावाच्या रकान्यात आणि नंतर तक्रार आली तर. बायकांसाठी बचत गट आहेत, अंगणवाडीत माता बैठका होतात, मुलींसाठी किशोरी गट आहेत. दारू सोडायची असेल तर पुरुषांसाठीही गट सापडतो. मग मूल आजारी पडल्यावर काय करायचं, वयात आलेल्या मुलाशी कसं बोलायचं, हातातला राग घरात कसा आवरायचा, हे बापाने कुठे विचारायचं? हे काम समाजकार्याचंच आहे आणि ते फार दिवस राहून गेलं आहे.

भिवंडीत त्याला आणखी एक बाजू आहे. इथले कितीतरी कामगार उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेले. बायका-मुलं गावी, हा इथे खोलीत चार-सहा जणांबरोबर. पाळीपाळीने झोपायचं, बिशीत म्हणजे कामगारांच्या खाणावळीत जेवायचं, महिन्याला पैसे पाठवायचे. मुलाशी भेट फोनवर. तेही मागाच्या खडखडाटात नाही, बाहेर गल्लीत येऊन, एक कान दाबून. मुलाची परीक्षा, लस, पडलेला दात हे सगळं त्याला उशिरा कळतं. त्याच्या शेजारी जेवणाऱ्याचीही तीच गत असते, पण दोघं त्याबद्दल एकमेकांशी बोलत नाहीत.

पुरुष असल्या गोष्टींसाठी बसणारच नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी या शहराचाच इतिहास आठवावा. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी भिवंडी होरपळली. त्यानंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. वेगवेगळ्या धर्मांची साधी माणसं वस्तीवस्तीत एकत्र बसू लागली आणि डिसेंबर 1992 नंतर मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. इतक्या अवघड विषयावर बसलेलं शहर मुलांसाठीही बसेल.

मुंबईतला अनुभवही हेच सांगतो. बायकोला होणाऱ्या मारहाणीविरुद्ध पुरुषांनी पुढे यावं, अशी हाक 1991 मध्ये वर्तमानपत्रातून दिली गेली, तेव्हा 205 जणांनी प्रतिसाद दिला. त्यातूनच 1993 मध्ये ‘मावा’ ही पुरुषांची संघटना उभी राहिली. दूर रवांडात ‘बांदेबेरेहो’ या उपक्रमात तरुण बाप आणि त्यांच्या जोडीदारणींचे गट वस्तीतल्याच प्रशिक्षित बापांनी चालवले. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशा गटांतल्या बायकांनी नवऱ्याकडून होणारी मारहाण कमी झाल्याचं सांगितलं, आणि पुरुष घरकामाला, मुलांना जास्त वेळ देऊ लागल्याचंही दिसलं.

एक भीती मात्र खरी आहे. पुरुषांचा गट बायकांच्या नावाने गाऱ्हाणी मांडण्याचा अड्डा होऊ शकतो. म्हणून गट चालवणारा माणूस शिकवलेला हवा, मारहाणीला तिथे कुठलीही सबब चालता कामा नये, आणि घरात काय बदललं हे बायकांना विचारूनच गटाचं मोजमाप व्हायला हवं. शिवाय बायकांच्या कामाचा पैसा इकडे वळवायचा नाही. महापालिकेने यासाठी वेगळी तरतूद करावी.

खर्चही फार नाही. ‘स्नेहा’सारख्या संस्था इथल्या वस्त्यांत माता-बालकांच्या आरोग्याचं काम करतात, अंगणवाड्या आहेत, समाजकार्याचे विद्यार्थी प्रत्यक्ष कामासाठी वस्त्या शोधत असतात. सकाळी अकराची बैठक मात्र बापांच्या कामाची नाही. पाळी सुटल्यावर, बिशीत, जेवणानंतर अर्धा तास बसावं. हिंदी, तेलुगू, उर्दू, मराठी, ज्याला जी येते त्या भाषेत बोलावं. मालकांनी महिन्यातून एकदा तरी बैठकीसाठी पाळी तासभर आधी सोडावी आणि त्या तासाची मजुरी कापू नये. पहिल्या बैठकीला आशा ताईलाच बोलवावं: त्या सहा भेटींत ती काय बघते आणि ताप आल्यावर बाळाला कुठल्या दवाखान्यात न्यायचं, एवढं तिने बापांना सांगितलं तरी सुरुवातीला पुरे.