महिन्याची बाटली, जन्माचा खर्च

मध्य प्रदेशातल्या धार आणि देवास जिल्ह्यांत डोळ्यांचा सरकारी उपचार म्हटला की मोतीबिंदूचे शिबिर आठवते. तपासणी होते, रुग्णाला गाडीतून नेतात, शस्त्रक्रिया होते, काळा चष्मा लावून तो घरी येतो आणि पुन्हा कामाला लागतो. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचे हे यश कुणी नाकारू नये. मात्र काचबिंदूचा रुग्ण या चौकटीत बसत नाही. त्याचा आजार जन्मभराचा आणि खर्चही जन्मभराचा. तो खर्च कुणी सोसायचा, याचा विचार आपल्या योजनांनी केलेलाच नाही.

काचबिंदूत, बहुधा डोळ्यातला दाब वाढल्याने, डोळ्याची नस हळूहळू मरत जाते. गेलेली नजर कोणत्याही उपायाने परत येत नाही; उरलेली मात्र टिकवता येते. देशात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना हा विकार असावा, असा अंदाज २०१० मध्ये प्रसिद्ध झाला होता. दक्षिण भारतातल्या पाहण्यांत तर दहापैकी नऊ रुग्णांना आपल्याला काचबिंदू आहे याचा पत्ताच नव्हता. दुखत नाही, खुपत नाही. कडेची नजर गुपचूप आक्रसते. औषधाने ती सुधारत नाही, फक्त आणखी बिघडत नाही. त्यामुळे पैसे मोजूनही रुग्णाला फरक दिसत नाही आणि घरात ओढाताण झाली की पहिली कात्री त्याच्या औषधाला लागते.

डोळ्यातला दाब कमी करणाऱ्या लॅटानोप्रोस्ट या थेंबांची बाटली असते अडीच मिलीलीटरची. रोज रात्री प्रत्येक डोळ्यात एक थेंब. फोडली की चार ते सहा आठवड्यांत संपवायची. फोडण्याआधी ती फ्रिजमध्ये ठेवायला सांगतात. फ्रिज नसलेल्या घरात, माळव्यातल्या मे महिन्यात हे कसे जमावे? म्हातारपणी हात थरथरतो, थेंब पापणीवर पडून गालावरून ओघळतो, आणि महिन्याची बाटली तीन आठवड्यांतच तळ गाठते. मग एक रात्र आड थेंब टाकायची काटकसर सुरू होते. तिची किंमत नजरेने चुकवावी लागते.

बाटलीपेक्षा प्रवास महाग. फील्ड टेस्ट (कडेच्या नजरेची तपासणी), ओसीटी (डोळ्याच्या नसेचे स्कॅन), लेझर म्हटले की इंदूर गाठावे लागते. देवासकराला ते जवळ आहे. कुक्षी किंवा डहीच्या माणसाला दीडशे किलोमीटरच्या आसपास पडते. बाहुली मोठी करणारे औषध घातले की काही तास नीट दिसत नाही, म्हणून सोबत कुणीतरी हवे. म्हणजे दोघांचे भाडे आणि दोघांची बुडालेली मजुरी. २०११ च्या जनगणनेनुसार धार जिल्ह्यात जवळपास ५६ टक्के लोक आदिवासी आहेत आणि त्यांतली अनेक कुटुंबे मजुरीसाठी गुजरातेत जातात. तिकडे गेल्यावर उपचाराचा धागा तुटतो. पवार संस्थानिकांच्या काळापासून इथे रुजलेल्या मराठी घरांतले निवृत्त शिक्षक, कारकूनही यातून सुटलेले नाहीत. दोन-तीन प्रकारचे थेंब दरमहा घ्यायचे तर पेन्शनला भोक पडते, आणि बहुतेक विमा कंपन्या बाह्यरुग्ण खर्च देत नाहीत.

२०१८ मध्ये आलेली आयुष्मान भारत योजना कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण देते, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. घरी सोडल्यानंतर औषध मिळते १५ दिवसांचे. सत्तरीपुढच्या सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून कार्ड मिळू लागले, तरी अट तीच. थेंब परवडले नाहीत म्हणून आजार बळावला तर सरकार शस्त्रक्रियेला पैसे देईल, थेंबांना देणार नाही. हा उफराटा न्याय आहे.

तो बदलायला फार मोठी तिजोरी लागत नाही. टिमोलॉल हे काचबिंदूचे जुने आणि स्वस्त औषध आहे. लॅटानोप्रोस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या आवश्यक औषधांच्या यादीत आले. मध्य प्रदेशात सरदार वल्लभभाई पटेल मोफत औषध वितरण योजना १७ नोव्हेंबर २०१२ पासून चालू आहे. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या सरकारी केंद्रांतून मिळतात. काचबिंदूचे थेंबही तसेच मिळायला हवेत. टिमोलॉल आणि लॅटानोप्रोस्ट ही दोन्ही औषधे प्रत्येक सामुदायिक आरोग्य केंद्रात, एका वेळी तीन महिन्यांची द्यावीत. धारचे भोज रुग्णालय आणि देवासचे महात्मा गांधी रुग्णालय इथे फील्ड टेस्टचे यंत्र, आणि ते चालवणारा तंत्रज्ञ, कायम असावा. मोतीबिंदूच्या शिबिरात चाळिशीपुढच्या प्रत्येकाचा डोळ्याचा दाब मोजावा आणि नस तपासावी. रुग्णाच्या भावंडांना व मुलांना धोका अधिक असतो, म्हणून त्यांनाही बोलवावे. खाज सुटली, डोळे लाल झाले म्हणून चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या स्टेरॉइडच्या थेंबांना औषध प्रशासनाने आळा घालावा. ते लहान मुलांनाही काचबिंदू देऊ शकतात.

वाचकांनीही एक करावे. घरात कुणाला काचबिंदू असेल तर इतरांनी यंदाच डोळे तपासून घ्यावेत आणि चालू औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये. त्या औषधाचा खर्च उचलण्याची जबाबदारी मात्र सरकारची आहे. दोन्ही जिल्ह्यांच्या आमदारांनी पक्ष बाजूला ठेवून येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात त्यासाठी तरतूद मागावी आणि ती मिळेपर्यंत मागत राहावे.