गावाचा नकार वहीत कुठं आहे?



दौंडला रेल्वे येऊन दीडशेच्या वर वर्षं झाली. मनमाडकडची लाइन १८७८ची. तेव्हा जमीन घेताना गावाला विचारायची रीतच कायद्यात नव्हती. सरकारनं नकाशावर रेघ मारली, जमीन घेतली, भराव टाकला, संपलं. आज ग्रामसभा आहे, पेसा आहे, वनहक्क कायदा आहे. तरी पालघरमध्ये काय झालं ते घोड-भीमेकाठच्या आपल्या ठाकर, भिल्ल, पारधी वस्त्यांनी समजून घ्यावं म्हणून हे लिहितोय. कारण पुण्याहून अहिल्यानगरला थेट रेल्वे न्यायचं बोलणं सुरू आहे, आणि अहिल्यानगरचा रस्ता शिरूरवरूनच जातो.

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं भूमिपूजन १४ सप्टेंबर २०१७ला साबरमतीला झालं. म्हणजे नारळ आधी फुटला आणि ज्यांच्या जमिनी जाणार त्यांच्या दारात मोजणीवाले मागून आले. लांबी ५०८ किलोमीटर, मूळ अंदाजे खर्च १ लाख ८ हजार कोटी, त्यातलं ८१ टक्के जपानचं कर्ज. पालघर जिल्ह्यात सत्तरहून जास्त गावांतून ती जाते आणि थांबते दोन ठिकाणी, विरारला अन् बोईसरला. तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी शेत द्यायचं आणि गाडी जाताना बघायची.

तिथली माणसं गप्प बसली नाहीत. भूमिसेना, आदिवासी एकता परिषद, कष्टकरी संघटना असे सगळे एकत्र आले. २०१८ साली गावोगाव ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, मोजणी अडवली. डहाणू आणि तलासरी हे तालुके अख्खे अनुसूचित क्षेत्रात. पेसा कायदा म्हणतो, जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करा. २०१३च्या भूसंपादन कायद्याचं ४१वं कलम तर अनुसूचित क्षेत्रात आधी संमती घ्या म्हणतं. सल्ला आणि संमती, हे दोन शब्द नीट लक्षात ठेवा. सल्ला म्हणजे तुम्ही बोला, आम्ही ऐकलं असं लिहू. संमती म्हणजे तुम्ही नाही म्हणालात तर थांबावं लागेल.

मग ठराव असूनही जमीन कशी गेली? सरकार ग्रामसभेच्या दारातून आलंच नाही, खातेदाराच्या दारातून आलं. थेट खरेदी, खाजगी वाटाघाटी, रेडी रेकनरच्या पाचपट भाव. एकेकाला गाठायचं, एकेकाची सही घ्यायची. ज्यानं सही केली त्याला मी नावं ठेवणार नाही. पोरीचं लग्न असतं, दवाखाना असतं, आणि ‘आज नाही दिली तर उद्या सक्तीनं जाईल, भावही कमी मिळेल’ असं सांगणारा रोज येऊन बसतो. पण ग्रामसभा सगळ्या गावाची असते आणि सातबारा एकट्याचा, हे ज्याला जमीन पाहिजे त्याला आपल्या आधी कळलं. जानेवारी २०२४मध्ये रेल्वेमंत्र्यांनी जाहीर केलं की जमीन शंभर टक्के ताब्यात आली.

आता कुणी म्हणेल, रेल्वेची रेघ एकदा ठरली की हलत नाही. खोटं आहे. पुणे-नाशिक रेल्वेची रेघ जुन्नर तालुक्यात खोडदच्या महादुर्बिणीजवळून जात होती. दुर्बीणवाल्या शास्त्रज्ञांनी लेखी हरकत घेतली, की गाडीच्या विजेनं आकाशातले बारीक संदेश ऐकू येणार नाहीत. सरकारनं मार्ग बदलला, शिर्डीकडून न्यायचं ठरवलं. बरं झालं, दुर्बीण आपल्या जिल्ह्याची आहे, वाचली पाहिजे. पण मग आभाळातल्या आवाजासाठी जी रेघ हलते ती जमिनीवरच्या माणसासाठी का हलू नये, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे की नाही?

आता आपलं बघू. पुणे जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र आहे ते आंबेगाव-जुन्नरच्या काही गावांत. शिरूर-दौंड त्यात नाही. म्हणजे पालघरला जी ढाल होती ती आपल्याकडं नाहीच. त्यात रेल्वे स्वतःच्या १९८९च्या कायद्यानं जमीन घ्यायला आली, तर २०अ कलमाची अधिसूचना निघते आणि लेखी हरकतीला फक्त तीस दिवस मिळतात. गायरानात किंवा फॉरेस्टात वस्ती करून राहणाऱ्याला ती नोटीस येणारही नाही, कारण सातबाऱ्यावर त्याचं नाव नाही.

पण वनहक्क कायदा फक्त अनुसूचित क्षेत्रापुरता नाही, सगळीकडं चालतो. फॉरेस्टची जमीन कसणाऱ्यानं दावा दाखल केला, वनहक्क समितीनं जागा पाहिली, ग्रामसभेनं ठराव केला, की त्या जमिनीवर कुणीतरी माणूस आहे हे सरकारी कागदात येतं. गायरानाला हा कायदा नाही, तिथं अतिक्रमण नियमित करायची वेगळी लढाई आहे. दोन्हीची गल्लत करू नका, अर्ज परत येतात. आणि यातही पळवाट काढून ठेवलीय. केंद्राच्या वन मंत्रालयानं ५ फेब्रुवारी २०१३च्या पत्रानं रस्ते, कालवे, पाइपलाइन अशा लांबलचक पट्ट्याच्या कामांना ग्रामसभेच्या संमतीतून सूट दिली. कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींचे हक्क येत असतील तर तेवढी सूट नाही.

मागं एका गावात मी प्रोसिडिंग बुक उघडून बघितलं. त्या सभेला मी स्वतः होतो. दीड तास बाया भांडल्या, एक म्हातारी तर रडली. वहीत लिहिलं होतं, ‘सदर विषयावर चर्चा झाली.’ एवढंच. खाली अंगठे आपलेच.

म्हणून सांगतो, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या सभांना वस्तीवरून बाया-माणसं दोन्ही जा. रेल्वेच्या जमिनीचा विषय अर्ज देऊन आधीच घ्यायला लावा. ठरावाचा शब्द न् शब्द वाचून घ्या, सूचक-अनुमोदकाचं नाव आपल्या वस्तीचं असू द्या. नक्कल मागा, तिच्यावर शिक्का घ्या. आणि वरच्या ओळी कोऱ्या असतील तर खाली अंगठा देऊ नका.