अर्थसंकल्प वाचणारी पिढी हवी

विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1915 साली कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी प्रबंध लिहिला तो ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था या विषयावर. पीएच.डी.साठी त्यांनी ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्था निवडली. सत्ता पैसा कोणाकडून घेते आणि कोणावर खर्च करते, हाच तो प्रश्न. आज सार्वजनिक धोरणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात तो शिकवतात. योजना आखावी कशी आणि तिने कोणाचे भले झाले हे तपासावे कसे, याचे हे शास्त्र आहे.

आपली हुशार मुले-मुली डॉक्टर, इंजिनिअर, वकील होतात, स्पर्धा परीक्षांना बसतात. या शिक्षणाकडे मोजकीच वळतात. नोकरी कुठे लागणार, हा आईवडिलांचा प्रश्न रास्तच आहे. पण नुकसान साऱ्या समाजाचे होते.

अनुसूचित जातींसाठीच्या विशेष घटक योजनेचा निधी अर्थसंकल्पात 789 या लेखाशीर्षाखाली दाखवतात. 2010 च्या दिल्लीतील राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांसाठी या योजनेचे शेकडो कोटी रुपये वळवले गेले. माहितीच्या अधिकारात कागद मागवून ते वाचणारे होते, म्हणून हे उघडकीस आले आणि केंद्रीय गृहमंत्र्यांना राज्यसभेत कबूल करावे लागले. कर्नाटकाने 2013 साली या निधीसाठी कायदा केला, पण सर्वसाधारण कामांचा खर्चही याच निधीत धरण्याची पळवाट कलम 7 (डी) मध्ये ठेवली. ती बुजवायला 2023 साल उजाडले. आपला घास असा एका पोटकलमात अडकतो!

आणि हे शिकायला परदेशी जावे, तर 2022 साली केंद्राने राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषयच वगळले. 1916 साली कोलंबियात जातिसंस्थेवर निबंध वाचणारे बाबासाहेब या नियमात बसले असते काय? आपल्या प्रश्नांवर संशोधन आपण करू नये, असाच याचा अर्थ होतो.

या नियमाविरुद्ध लढलेच पाहिजे. पण तोवर हातावर हात ठेवून बसायचे काय? प्रत्येक शहराच्या जयंती मंडळाने वर्गणीतून एका विद्यार्थ्याची या अभ्यासक्रमाची फी भरावी. विहारात अर्थसंकल्प वाचनाचे वर्ग भरवावेत. मोर्चा काढणारे हात आपल्याकडे पुष्कळ आहेत; मोर्चाच्या निवेदनात बिनतोड आकडा लिहिणारे हात आता तयार करू या.

जयभीम!