तिजोरीतली मोटार आणि रस्त्यावरची मोटार

जुनी स्पोर्ट्स मोटार विकत घेणे हा समाजवादी साप्ताहिकात चर्चेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न अनेक साथींच्या मनात उभा राहील. दोन माणसांपुरती जागा, डोक्यावर कापडी टप, कामापेक्षा भटकण्यासाठीच वापरायचे वाहन! ज्या देशात लक्षावधी माणसे एस.टी.च्या थांब्यावर तिष्ठत उभी राहतात, त्या देशात अशा गाडीच्या आवडीला चंगळवादाखेरीज दुसरे नाव काय द्यायचे? हा आक्षेप क्षुल्लक नाही. १९६३ साली डॉ. लोहियांनी लोकसभेत तीन आण्यांचा हिशेब मांडला, तेव्हापासून उधळपट्टीविषयीची चीड आपल्या चळवळीच्या रक्तात भिनलेली आहे, आणि ती तशी असलीच पाहिजे.

परंतु चीड म्हणजे विचार नव्हे. एखाद्या तरुण कामगाराने वर्षभर पैसे साठवून जुनी स्पोर्ट्स मोटार घेतली, रविवारी स्वतः तिच्याखाली झोपून ती दुरुस्त केली, आणि एखाद्या धनिकाने तीच मोटार भाव वाढेल म्हणून वातानुकूलित कोठारात झाकून ठेवली, तर या दोन्ही कृतींना आपण एकाच मापाने मोजणार काय? दिसायला वस्तू एक असली तरी पहिल्याच्या हाती ते उपयोगमूल्य आहे आणि दुसऱ्याच्या हाती निव्वळ विनिमयमूल्य. पहिल्याचा तिरस्कार करणारा समाजवादी नकळत दुसऱ्याला मोकळे सोडतो, हे या लेखात मला दाखवायचे आहे. त्यासाठी उदाहरण घेतो ते ब्रिटनचे. कारण हा शौक तेथे सामान्य माणसापर्यंत पोहोचला आणि त्यावर सट्टेबाजांची छायाही तेथे उघड पडलेली दिसते.

एकाच वर्षी जन्मलेल्या दोन मोटारी

१९६२ साली दोन स्पोर्ट्स मोटारी जन्माला आल्या. इटलीत फेरारी २५० जीटीओ आणि इंग्लंडात एमजीबी. पहिली शर्यतीसाठी बांधलेली. तिच्या अवघ्या ३६ गाड्या निघाल्या. दुसरी ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन गावी, १९२९ पासून चालत आलेल्या एमजीच्या कारखान्यात तयार होऊ लागली आणि १९८० पर्यंत तिच्या पाच लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या. करापूर्वी तिची मूळ किंमत ६९० पौंड होती.

एवढ्या कमी किमतीत स्पोर्ट्स मोटार देणे शक्य झाले याचे कारण साधे होते. तिचे इंजिन आणि इतर बरेचसे सामान ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या चारचौघांच्या घरगुती मोटारींच्या कुळातले होते. १७९८ सी.सी.चे तिचे इंजिन ‘बी सीरिज’ या घराण्यातले. आपल्याकडच्या अँबॅसिडरमध्ये वर्षानुवर्षे धडधडत राहिलेले १४८९ सी.सी.चे पेट्रोल इंजिन याच घराण्यातले! ज्या मिस्त्रीने आयुष्यभर सरकारी अँबॅसिडरचे टॅपेट लावले, त्याला एमजीबीचे बॉनेट उघडल्यावर परक्या घरात आल्यासारखे वाटणार नाही. पगारावर जगणाऱ्या माणसालाही वेगाचा आणि मोकळ्या वाऱ्याचा आनंद मिळावा, असे हे यंत्र होते. आनंद ही फक्त श्रीमंतांची जहागीर आहे, असे मानणारा समाजवाद मला तरी ठाऊक नाही.

ॲबिंग्डनचा धडा

ही मोटार बंद कशी पडली, ही कहाणी प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवण्याजोगी आहे. एमजी ज्या ब्रिटिश लेलँड कंपनीचा भाग होती, ती डबघाईला येताच १९७५ साली मजूर पक्षाच्या सरकारने ताब्यात घेतली. म्हणजे कारखाना जनतेच्या मालकीचा झाला. त्यानंतर चारच वर्षांनी, सप्टेंबर १९७९ मध्ये, एमजीच्या ॲबिंग्डनमधील पन्नास वर्षांचा उत्सव साजरा झाला आणि उत्सव संपतो न संपतो तोच व्यवस्थापनाने कारखाना बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. पौंड वधारल्यामुळे अमेरिकेतल्या विक्रीत तोटा येतो, हे कारण पुढे करण्यात आले. हजाराहून अधिक कामगारांच्या पोटाचा प्रश्न होता. त्यांना विचारले कोणी?

त्या वेळी कामगारांच्या बाजूने आणखी कोण उभे राहिले? गाडीचे मालक. एमजीच्या शौकिनांनी आपल्या गाड्यांसह लंडनमध्ये निदर्शने केली. ॲस्टन मार्टिनच्या पुढाकाराने काही जणांनी कारखाना विकत घेण्याचा प्रयत्न केला, तोही फसला आणि ऑक्टोबर १९८० मध्ये ॲबिंग्डनच्या फाटकाला कुलूप लागले. राष्ट्रीयीकरण झाले म्हणजे मालकी कामगारांच्या हाती आली असे होत नाही; मंडळावर जुनीच माणसे आणि जुनेच गणित राहिले तर सरकारी मालकही खासगी मालकाइतक्याच थंडपणे कुलूप लावतो, हा त्यातला धडा. दुसरा धडा असा की, ज्याला आपण ‘शौकीन’ म्हणून हिणवतो तो आपल्या यंत्रावरच्या प्रेमापोटी, ते यंत्र घडवणाऱ्या हातांच्या बाजूला येऊ शकतो. आपल्या कितीशा चळवळींना ग्राहकांचा असा पाठिंबा मिळवता आला आहे?

सट्ट्याचा संसर्ग

आता १९६२ च्या दुसऱ्या अपत्याकडे वळू. २०१८ साली एक फेरारी जीटीओ अमेरिकेतल्या लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. २०२३ साली दुसरी एक ५ कोटी १७ लाख डॉलरना. या किमतीची मोटार बाजारात भाजी आणायला कोण नेईल? लोखंड, ॲल्युमिनियम आणि रबर यांनी बनलेले ते एक रोखेपत्र झाले आहे. धनिकांच्या गुंतवणुकीचे जे निर्देशांक पतपेढ्यांचे आणि मालमत्तेचे सल्लागार प्रसिद्ध करतात, त्यांत चित्रे, मद्य आणि घड्याळे यांच्या पंगतीत जुन्या मोटारीही बसवलेल्या असतात.

आणि कायदा काय करतो? ब्रिटनमध्ये मोटार ही झिजून नष्ट होणारी वस्तू मानली जाते. म्हणून खासगी मालकाने ती विकून मिळवलेल्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. सामान्य माणसाच्या मोटारीचा भाव दरवर्षी उतरतच जातो, तेव्हा त्याला या सवलतीचा उपयोग शून्य. जिचा भाव कोटींनी चढतो तिच्या मालकाला मात्र ती मोकळे रान देते. झिजणाऱ्या वस्तूसाठी केलेला नियम, न झिजू देण्यासाठी कुलूपबंद केलेल्या वस्तूच्या मालकाला लाभतो. भांडवलशाहीत कायद्याची भाषा निःपक्षपाती असते, लाभार्थी मात्र ठरलेले असतात!

कोणी म्हणेल, कोट्यधीशांनी आपापसात काय खेळायचे ते खेळावे, आपल्याला काय त्याचे? पण सट्टा वरच्या मजल्यावर थांबत नाही. शिखरावरची भाषा पायथ्यापर्यंत उतरते. साध्या एमजीबीच्या जाहिरातीतही ‘इंजिनाचा मूळ क्रमांक जुळतो’, ‘फारच थोडे मैल चाललेली’, ‘उत्तम गुंतवणूक’ असे शब्द येतात. गाडी चालते कशी, यापेक्षा ती किती कमी चालली, हा तिचा गुण ठरतो. चाललेल्या मोटारीपेक्षा न चाललेली मोटार श्रेष्ठ! धान्य खाण्यासाठी नसून कोठारात दाबून ठेवण्यासाठी असते, असे मानणाऱ्या साठेबाजाचेच हे तर्कशास्त्र नव्हे काय?

शौकिनाने गाडी घ्यावी कशी?

यासाठीच शौकिनाने सट्टेबाजाच्या डोळ्यांनी गाडी पाहू नये, मिस्त्रीच्या डोळ्यांनी पाहावी. एमजीबीला वेगळी चासी नाही; पत्र्याचा सांगाडाच सगळा भार उचलतो. त्यातही दरवाजाखालच्या पेटीसारख्या पट्ट्या, ज्यांना सिल म्हणतात, त्या गंजल्या की गाडीचा कणाच गेला. वरून चकचकीत पट्टी बसवून आतला सडका पत्रा झाकण्याची युक्ती जुनी आहे. म्हणून चुंबक घेऊन जावे. जेथे तो चिकटणार नाही तेथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे असे समजावे. दरवाजाच्या मागची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे काय ते पाहावे. जॅकवर गाडी उचलताच ती फट आवळली आणि दरवाजा अडकू लागला, तर रंग कितीही सुंदर असो, नमस्कार करून परत यावे. पुढच्या चाकांच्या किंगपिनला वेळेवर ग्रीस मिळाले नसेल तर चाक हलवून पाहताच ते कळते. तारांची चाके असतील तर आतले दाते झिजले आहेत काय, तेही तपासावे. इंजिनाचे दुखणे त्या मानाने स्वस्तात बरे होते. पत्र्याचे दुखणे दिवाळे काढते. इंजिनाच्या आवाजाला भुलणारे आणि पत्र्याकडे पाठ फिरवणारेच फसतात.

कागदही वाचता आले पाहिजेत. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीच्या गेल्या अनेक वर्षांच्या नोंदी कोणालाही पाहता येतात. त्यांत मैलांचे आकडे आणि नापास होण्याची कारणे असतात. मात्र चाळीस वर्षांवरील बहुतेक गाड्यांना २०१८ पासून ही तपासणी सक्तीची राहिलेली नाही. एमजीबीच्या सगळ्याच गाड्या आता त्या वयाच्या आहेत, तेव्हा ताजी नोंद नसली तर आपला मिस्त्री बरोबर नेण्याला पर्याय नाही.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. १९७४ च्या अखेरीस अमेरिकेतल्या नियमांमुळे या गाडीचा क्रोमचा बंपर जाऊन काळा, रबरी दिसणारा जाड बंपर आला आणि गाडी थोडी उंच करावी लागली. रस्त्यावरची तिची पकड बिघडली हे खरे. पण १९७७ च्या मॉडेलपासून ती बरीच सुधारली. बाजार आजही या गाड्यांना नाक मुरडतो, म्हणून त्या क्रोमवाल्यांपेक्षा स्वस्त मिळतात. ज्याच्या खिशात थोडे पैसे आहेत त्याने नेमकी हीच घ्यावी. कुलूप डोळ्यांसमोर दिसत असताना ॲबिंग्डनच्या कामगारांनी शेवटपर्यंत जोडल्या त्या याच गाड्या. प्रतिष्ठेच्या बाजारात त्यांना मान नाही, हे तर त्यांचे भूषण समजावे.

सहकाराची बीजे

कारखाना बंद होऊन चार दशके उलटली, तरी या मोटारीचे सुटे भाग मिळतात ते कसे? मूळ साचे भंगारात गेले नाहीत. १९८८ पासून त्यांवर नवे सांगाडेही पुन्हा निघू लागले. १९३० सालचा एमजी कार क्लब आणि १९७३ सालचा एमजी ओनर्स क्लब यांच्यासारख्या संघटनांत एकाचे ज्ञान दुसऱ्याच्या उपयोगी पडते. कोणता भाग कोठे मिळतो, कोणता मिस्त्री प्रामाणिक, कोणता दुकानदार लुबाडतो, ही माहिती कोणी लपवून ठेवत नाही. वस्तू खासगी, पण तिच्याविषयीचे ज्ञान सामाईक! यात मला सहकाराची बीजे दिसतात. आजच्या नव्या मोटारीचे बॉनेट उघडले तर मालकाला हात लावण्याजोगे फारसे काही सापडत नाही. दुरुस्तीचे ज्ञान कंपनीच्या संगणकात कोंडलेले असते. जुनी मोटार निगुतीने चालवणारा माणूस दुरुस्तीचा हक्क आपल्या हाती राखतो.

धुराचा आक्षेप मी टाळणार नाही. ही गाडी आजच्या कसोटीने अस्वच्छ आहे, रोजच्या प्रवासाचे ते साधन होऊ शकत नाही, आणि सार्वजनिक वाहतुकीला तो पर्याय मुळीच नाही. उत्तम बस आणि उत्तम रेल्वे हीच समाजवादी वाहतूक. पण म्हणून वर्षातून थोडे मैल चालणाऱ्या जुन्या यंत्रावर दात धरायचा आणि दर चार वर्षांनी नवी अवजड मोटार घेणाऱ्याला ‘प्रगत’ म्हणायचे, हा विवेक नव्हे. नवी मोटार घडवतानाही पोलाद आणि वीज लागते, हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडे हा प्रश्न परका आहे असेही समजू नका. एमजीचे अष्टकोनी चिन्ह आज एका चिनी कंपनीच्या मालकीचे आहे. २०१९ पासून गुजरातेतल्या हालोलला बनणाऱ्या गाड्यांवर ते बसवले जाते आणि पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर दिसते. नाव विकले गेले, कामगार मागे राहिले. आणि १९९६ साली बंद झालेली यामाहा आर.एक्स. १०० गावोगावचे तरुण आजही जिवापाड जपतात. तिचेही भाव आता दलालांच्या तोंडी खेळू लागले आहेत. ज्या पोराने ती बापाकडून घेतली, स्वतः उघडली, स्वतः जोडली, त्याला आपण चंगळवादी म्हणून दूर लोटणार, की ‘ही वस्तू तुझी आहे, दलालाची नव्हे’ असे सांगून जवळ करणार?

यंत्रावर प्रेम करणारा माणूस आपला शत्रू नाही. यंत्राला कुलूप लावणारा आपला शत्रू आहे. मग ते कुलूप कारखान्याच्या फाटकाला लावलेले असो की कोठाराच्या दाराला.