रस्त्याचा दाखला ग्रामसभेच्याच हाती राहू द्या

पालघर, डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, वाडा या तालुक्यांतल्या गावकऱ्यांना कळकळीची विनंती आहे. येत्या ग्रामसभेला कामधंदा बाजूला ठेवून या, आणि गावातल्या रस्त्याचा विषय निघाला की सही करायची घाई करू नका. त्या सहीला किंमत आहे. रस्त्यासाठी आलेला पैसा रस्त्यावरच खर्ची पडला की नाही, हे सांगण्याचा अधिकार कायद्याने तुम्हाला दिलेला आहे. वापर नसल्यामुळे तो निसटत चालला आहे, आणि तो वाचवायला बाहेरून कोणी येणार नाही.

१९९६ चा पेसा कायदा आपल्याकडे जमीन, जंगल, गौण खनिज, दारूचे दुकान असे विषय निघाले की आठवतो. त्याच्या चौथ्या कलमात आणखी दोन गोष्टी शेजारी शेजारी लिहिलेल्या आहेत. अनुसूचित क्षेत्रात ग्रामपंचायतीने कोणतीही योजना किंवा प्रकल्प हाती घेण्याआधी ग्रामसभेची मंजुरी घ्यावी. आणि त्या कामावर पैसा खर्च झाला की तो नीट वापरला गेल्याचे प्रमाणपत्रही ग्रामसभेकडूनच घ्यावे. मंजुरीचा ठराव आपल्याला माहीत आहे. प्रमाणपत्राचे नाव मात्र बहुतेक पाड्यांवर कोणी ऐकलेलेही नसते, आणि तरी ते दरवर्षी कुठल्या ना कुठल्या फाइलला जोडलेले असते.

महाराष्ट्राने पेसाचे नियम केले २०१४ च्या मार्चमध्ये. त्याच वर्षी १ ऑगस्टला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींच्या खात्यात येऊ लागला आणि त्यातून पायाभूत सुविधांची कामे करायची मुभा मिळाली. कायदा, नियम आणि पैसा असे तिन्ही गावापर्यंत पोहोचले. गावाने मात्र ग्रामसभेचे रजिस्टर दुसऱ्यांच्या हाती सोडले.

रजिस्टरात काय होते ते मी पाहिलेले आहे. सभेला वीस-पंचवीस माणसे. विषय भराभर वाचले जातात, “सगळ्यांना मान्य आहे ना?” असे विचारले जाते आणि उत्तराची वाट न बघता पुढचा विषय येतो. शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’ असे लिहून खाली अर्धे पान कोरे. कोरम भरण्यासाठी उरलेल्या सह्या नंतर घरोघर फिरून घेतल्या जातात. काही महिन्यांनी त्या कोऱ्या जागेत एक रस्ता पूर्ण झालेला असतो.

याची धार आता वाढली आहे, कारण वरचे सभागृहच रिकामे झाले. पालघर जिल्हा परिषदेची निवडणूक जानेवारी २०२० मध्ये झाली होती. पाच वर्षांची मुदत २०२५ मध्ये संपली, पुढची निवडणूक वेळेवर झाली नाही आणि कारभार प्रशासकाकडे गेला. एरवी रस्त्यांची यादी बांधकाम समितीत, स्थायी समितीत, सर्वसाधारण सभेत येते. तिथे भांडणे होतात, माझ्या गटाला कमी का म्हणून सदस्य उभे राहतात. त्या गोंगाटामुळे निदान कागद उघड होतात. प्रशासक कितीही सचोटीचा असला तरी त्याच्या दालनात हा गोंगाट नसतो. ग्रामसभेला मात्र मुदत नाही. गावचे सगळे मतदार म्हणजे ग्रामसभा, तिच्यावर प्रशासक बसवता येत नाही. म्हणून आज सगळा भार तिच्यावर आहे.

रस्ता बिघडतो तो बहुतेक वेळा कागदावर. अंदाजपत्रक होते, तांत्रिक मंजुरी मिळते, निविदा निघते. ठरावीक रकमेच्या वरचे काम ई-निविदेनेच द्यावे लागते, म्हणून एकाच रस्त्याचे दोन-तीन तुकडे पाडले जातात: शाळेपर्यंत एक काम, शाळेपासून पाड्यापर्यंत दुसरे. प्रत्येक तुकडा मर्यादेच्या आत बसतो आणि स्पर्धा संपते. काम ई-निविदेत गेलेच, तर दुसरे दुखणे सुरू होते. ठेकेदार पंचवीस-तीस टक्के ‘बिलो’ जातो. एवढ्या खालच्या दराला सरकार जादा सुरक्षा अनामत मागते, ते योग्यच आहे. पण अंदाजपत्रक खरे असेल तर तीस टक्के कमी पैशात तेवढीच खडी, तेवढेच डांबर कुठून येणार? ती तूट खडीच्या थरातून आणि डांबराच्या पिंपातून भरून काढली जाते. मग शाखा अभियंता मोजमाप पुस्तिकेत, ज्याला सगळे ‘एमबी’ म्हणतात, मोजमाप लिहितो आणि त्यावर बिल निघते. एमबीत थर ७५ मिलिमीटरचा लिहिलेला असेल तर कोषागाराच्या दृष्टीने तो ७५ मिलिमीटरच असतो.

बोईसरच्या पूर्वेला, महामार्गाच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावर हे मोजून पाहिले. गावातलीच पोरे होती, एकाने घरून टेप आणली, एकाने कुदळ. रस्त्याच्या कडेला वीतभर रुंद चौकोन उकरला. वरचा डांबराचा कारपेट बोटाने उचलला गेला, पापडासारखा. खाली खडी होती, पण दबलेली नव्हती. मुठीत घेतली की सुटी होत होती. रोलर फिरला असता तर ती कुदळीलाही जागची हलली नसती. त्याखाली लगेच माती. टेप लावली तर खडीचा थर कुठे चार, कुठे पाच सेंटिमीटर भरला. रुंदी तीन मीटर सांगितलेली, ती दोन ठिकाणी अडीचच्या जवळ होती. साइडपट्टी नव्हतीच. एका म्हाताऱ्या आजीने विचारले, “येवढाच मोजायचा होता, तर आधी का नाय मोजला?” त्या प्रश्नाला तिथे कोणाकडे उत्तर नव्हते, कारण दाखला आधीच गेला होता.

आपल्याकडचा पाऊस चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. अशा कारपेटला तो एक पावसाळासुद्धा टिकू देत नाही. मग पुढच्या वर्षी दुरुस्तीचे काम निघते, नवे अंदाजपत्रक, नवी निविदा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याची पाच वर्षांची देखभाल मूळ ठेकेदाराच्याच करारात असते. इतर कामांनाही दोषदायित्वाचा काळ असतो, म्हणजे त्या काळातला बिघाड ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. तो किती, हे काम सुरू होताना ग्रामसभेत विचारून लिहून घेतले तर पहिल्या पावसाळ्यात पडलेला खड्डा गावाच्या पैशाने बुजवावा लागत नाही. ग्रामसडक योजनेत कामाच्या जागी माहितीफलक लावणे बंधनकारक आहे, स्थानिक भाषेत. फलक नसेल तर तो मागणे ही पहिली पायरी.

तारापूर-बोईसरच्या पट्ट्यात आणखी एक ओझे आहे. औद्योगिक वसाहतीचे टँकर आणि ट्रेलर आधीपासून होतेच. आता समर्पित मालवाहू रेल्वेमार्ग, बुलेट ट्रेन, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, आणि ३० ऑगस्ट २०२४ ला ज्याची पायाभरणी पालघरमध्ये झाली ते ७६ हजार २२० कोटींचे वाढवण बंदर. या सगळ्यांना मुरूम आणि दगड लागतो, आणि तो वाहणारे डंपर ग्रामीण मार्गांवरून जातात. जो रस्ता एसटी, इको आणि भाताच्या ट्रॅक्टरसाठी बांधला, त्यावरून तिप्पट वजन जाऊ लागले तर चांगले कामही टिकणार नाही. खाणीला, वाहतुकीला गावाची शिफारस मागायला येतील तेव्हा विचारा: आमचा रस्ता कोण दुरुस्त करणार, केव्हा, आणि हे लेखी कुठे आहे? पेसाने गौण खनिजाबाबत ग्रामसभेच्या शिफारशीला जे स्थान दिले आहे, ते इथे उपयोगी पडते. तारापूरला १९६९ पासून अणुऊर्जा केंद्र आहे, शेजारी रासायनिक कारखाने आहेत. उद्या आसपासची गावे तातडीने हलवायची वेळ आली तर लोक याच गावरस्त्यांवरून बाहेर पडणार आहेत.

आणि ज्यांना रस्ताच नाही त्यांचे काय होते, ते २०२२ च्या ऑगस्टमध्ये आपल्या जिल्ह्याने पाहिले. मोखाडा तालुक्यात बोटोशी ग्रामपंचायतीच्या मर्कटवाडीतल्या एका मातेची जुळी बाळे दगावली, आणि रक्तस्राव होत असलेल्या तिला डोलीत घालून सुमारे तीन किलोमीटर चिखलातून न्यावे लागले. एका रस्त्यावर दोनदा पैसा जातो तेव्हा तो कुठल्या तरी मर्कटवाडीच्या रस्त्यातून गेलेला असतो. हे मला फार लागते.

कोणी म्हणेल, जिल्हा परिषदेच्या किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रस्त्याला ग्रामसभेचे प्रमाणपत्र बंधनकारक कुठे आहे? खरे आहे, पेसातले ते पोटकलम गावपातळीवरच्या पंचायतीच्या कामांसाठी आहे. पण जिल्हा परिषदेच्या अनेक कामांच्या फाइलला ग्रामपंचायतीचा ठराव आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला जोडलेला असतोच. तो दाखला सरपंचांनी एकट्याने देण्याऐवजी ग्रामसभेपुढे ठेवावा, एवढीच मागणी करा. आणि जिथे तोही लागत नाही तिथे २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. त्या कायद्यातल्या ‘माहितीच्या अधिकारात’ कागदांच्या प्रतींबरोबर प्रत्यक्ष कामाची पाहणी करणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणेही येते. अर्जाला दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत, आणि उत्तराला तीस दिवस.

हा हक्क असा रस्ते-बंधाऱ्यांच्या हिशेबातूनच जन्माला आला आहे. २ डिसेंबर १९९४ ला राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावात मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी घेतली. सरकारी कामांचे कागद गावासमोर मोठ्याने वाचले आणि कागदावरचे मजूर, कागदावरची कामे लोकांनी तिथेच ओळखली. वाचून दाखवणे, इतकेच त्यांनी केले होते. आपल्या पाड्यांवरही बरेचसे काम तेवढ्याने होईल.

सरपंच, सदस्य आणि ग्रामसेवक यांना शत्रू समजून सभेला जाऊ नका. त्यांच्यावर वरून दबाव असतो, आणि “ग्रामसभेने मोजल्याशिवाय सही करता येत नाही” हे वाक्य त्यांच्याही उपयोगाचे आहे. सचोटीने काम करणारा ठेकेदार आज तीस टक्के बिलो जाणाऱ्यापुढे हरतो. गावाने जाडी मोजायला सुरुवात केली की पोकळ दर भरणाऱ्याचा हिशेब जमेनासा होईल. शाखा अभियंत्यांचे तर काय, एकेकाकडे इतकी गावे असतात की प्रत्येक थराच्या वेळी ते उभे राहूच शकत नाहीत. गावातली चार माणसे डांबर पडताना उभी राहिली तर त्यांचेही काम सोपे होते.

१४ ऑगस्टला पालघरच्या पाचबत्तीला १९४२ च्या पाच हुतात्म्यांना मानवंदना द्यायला आपण जमतो. दुसऱ्याच दिवशी गावोगावी ग्रामसभा असते. यंदा पाचबत्तीवरून परतताना घरी टेप आहे का ते बघून ठेवा. आठवडाभर आधी ग्रामसेवकांकडे लेखी अर्ज देऊन रस्त्याचा विषय अजेंड्यावर घ्यायला लावा आणि पोच घ्या. आयत्या वेळी मांडू नका. बायकांना घेऊन या, कारण पाण्याच्या हंड्याने आणि दवाखान्याच्या वाटेने तो रस्ता त्यांनाच सगळ्यात जास्त ठाऊक असतो. सभेत हा ठराव मांडा:

“या रस्त्याचे अंदाजपत्रक, निविदेतला मंजूर दर, दोषदायित्वाचा काळ आणि मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात. ग्रामसभेने निवडलेल्या पाच जणांनी, ज्यांत किमान दोन महिला असतील, शाखा अभियंत्यासमक्ष रस्त्याची लांबी, रुंदी, थरांची जाडी आणि मोऱ्यांची संख्या मोजावी. मोजणी पुढच्या ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहावी. तोपर्यंत ग्रामसभा या कामाचा दाखला देणार नाही.”

ठराव लिहून झाला की तिथेच मोठ्याने वाचून घ्या, शेवटच्या ओळीखाली कोरी जागा राहणार नाही अशी आडवी रेघ मारा, आणि मगच सही करा.