दूतावास उघडले, पण समुद्र?

जानेवारी 2016 मध्ये तुटलेले सौदी अरेबिया-इराण संबंध 10 मार्च 2023 रोजी बीजिंगमध्ये सांधले गेले. जूनमध्ये रियाधमधील इराणी दूतावासही उघडला. चाकणच्या कारखानदाराला त्याचे काय? बरेच. इथल्या मोटारी, दुचाकी, सुटे भाग समुद्रमार्गे परदेशी जातात. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इराणचे पाठबळ असलेल्या येमेनमधील हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि युरोपला जाणारा माल आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागला. मोठ्या कंपन्या वाढीव भाडे पचवतात. भोसरीच्या लघुउद्योजकाचे पैसे मात्र जहाजाबरोबरच अडकतात. दोन देशांच्या सह्या हुथींना बांधून ठेवू शकल्या नाहीत. तेव्हा निर्यात-विमा आणि खेळत्या भांडवलात या लघुउद्योजकांना केंद्राने सवलत द्यावी, तीही पुढच्या हल्ल्याची वाट न पाहता.