पावशीची धार

बार्शीटाकळीत आम्ही जिला पावशी म्हणतो तिला पुण्या-साताऱ्याकडे विळी म्हणतात, काही घरांत मोरळी म्हणतात आणि गोमंतकात आदोळी. नावे प्रांतोप्रांती बदलली तरी वस्तू तीच आणि तिचा शिरस्ताही तोच, की पाते जागचे हलत नाही आणि हात चालतात. सुरीचा कारभार नेमका याच्या उलट आहे. तेथे भाजी निमूट पडून राहते आणि पाते तिच्यावर चालून येते. हा भेद क्षुल्लक आहे असे कोणी म्हणेल. परंतु ज्याने पंचवीस-तीस वर्षे रोज सकाळी आपल्या हाताने घरची भाजी चिरली आहे तो तसे म्हणणार नाही. पावशीवर बसणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे असतात, त्या दोन्ही हातांना भाजीचा जूनपणा, कोवळेपणा आणि तिच्यातले पाणी कळत असते, आणि वांगे आतून किडके आहे की निरोगी याची खातरजमा डोळ्यांच्या आधी बोटे करून घेतात.

आमच्या घरची पावशी माझ्या आईची. बाभळीचा हातभर लांबीचा पाट, त्याच्या एका टोकाशी बसवलेले, बगळ्याच्या मानेसारखे वर येऊन पुढे झुकलेले लोखंडी पाते, आणि पाटाच्या दुसऱ्या टोकाशी, जेथे आई गुडघा रोवून बसे तेथे, इतक्या वर्षांच्या दाबाने पडलेली गुळगुळीत खोलगट जागा. मी आज तेथे बसतो तेव्हा माझा गुडघा त्या खोलगटीत पुरता मावत नाही, कारण ती आईच्या गुडघ्याच्या मापाची आहे. पात्याचा रंग काळसर निळा. वांग्याच्या आणि कैरीच्या रसाने लोखंडावर जे कांतिमान सावट चढते ते घासून काढायचे नसते, हे तिने मला फार लवकर शिकवले. त्याहूनही आधी शिकवले ते हे, की काम झाले की पावशी धुऊन, कोरडी पुसून, पात्याचे तोंड भिंतीकडे करून आडवी ठेवायची. घरात रांगते मूल असो वा नसो, या नियमाला आमच्याकडे कधी सवलत मिळाली नाही.

भाजी म्हटली की ती चिरायचीच, अशी एक समजूत अलीकडे दृढ होत चालली आहे आणि ती मला मान्य नाही. मराठीने या एका कामासाठी किती क्रियापदे राखून ठेवली आहेत ते पाहावे: निवडणे, खुडणे, मोडणे, सोलणे, तासणे, किसणे, चिरणे, आणि यांतले प्रत्येक क्रियापद विशिष्ट भाजीच्या स्वभावाला अनुसरून आलेले आहे. गवार मोडायची असते, कारण मोडतानाच तिची कडेची शीर हाताला लागते आणि ओढून काढता येते. पात्यावर धरली तर शीर शेंगेतच राहते आणि जेवणाऱ्याच्या दातांत निघते. अंबाडीची पाने खुडायची, देठ टाकायचे, मग ती उकडून आंबट पाणी पिळून काढायचे आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवून वरून लसणाची फोडणी द्यायची. या सगळ्या खटाटोपात पावशीचे कामच पडत नाही. मेथीविषयी आईचा हुकूम ठरलेला होता. मी घाईने जुडी पात्यावर धरली की ती आतून म्हणे, “मेथी कापू नोको, खुड. कापली का कडू होते.” तिचे म्हणणे मी सश्रद्धपणे पाळले आणि पुढे बोथट पात्याने चिरडलेली मेथी खाऊन ते पटलेही.

भेंडी आधी धुऊन, फडक्याने कोरडी पुसून मगच चिरायची. चिरल्यावर धुतली तर तिचा चिकटा भांडेभर होतो. भरल्या वांग्यासाठी वांगे देठासकट धरून उभे आणि आडवे असे दोनदा पात्यात दाबायचे, पण तळापासून देठाच्या जवळ येताच हात थांबला पाहिजे, म्हणजे चार पाकळ्या उघडतात आणि वांगे मात्र एकसंध राहते; हा थांबण्याचा क्षण पावशीवर जितका नेमका साधतो तितका मला सुरीवर कधीच साधला नाही. तसे वांगे लगेच मिठाच्या पाण्यात सोडावे, नाहीतर वारा लागून त्याचा गर काळवंडतो. सांबाराची, म्हणजे बाहेरचे लोक जिला कोथिंबीर म्हणतात तिची, जुडी डाव्या मुठीत घट्ट आवळून पात्यापुढे सरकवत नेली आणि पाते धारदार असले, तर जो करकर असा बारीक आवाज येतो तो ऐकून पलीकडच्या खोलीतल्या माणसालाही भूक लागते. आणि भरताच्या वांग्याला तर पातेच नको. त्याला पऱ्हाटीच्या काड्यांचा जाळ पाहिजे आणि सोलायला भाजणे सोसणारी बोटे पाहिजेत.

कोहळ्याचे प्रकरण वेगळे आहे. आमच्या वऱ्हाडात लाल भोपळ्याला कोहळे म्हणतात, आणि आमच्या घरी अखंड कोहळ्यावर पहिला घाव बाईने घालायचा नाही अशी वहिवाट होती. म्हणून वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी तो मान माझ्याकडे आला. जाड सालीचे ते फळ दोन्ही हातांनी पात्यावर ठेवायचे, छातीचा भार द्यायचा, आणि आतून फाटल्याचा आवाज येताच हात आवरायचे. मराठीत वैराला विळ्या-भोपळ्याचे सख्य म्हणतात. परंतु कोहळे दुभंगल्यावर जो केशरी गाभा, जो गोडसर ओला वास आणि बियांची जी रेशमी गुंतवळ समोर येते ती ज्याने जवळून पाहिली आहे, त्याला त्या दोघांत वैर दिसत नाही. बिया आई राखेत घोळून उन्हात वाळत घाली आणि साल न काढताच फोडी करी, कारण शिजताना त्या मोडत नाहीत.

धारेचे महत्त्व मला उमगले ते कांद्याने. शहरातल्या एका मोठ्या दुकानातून मी एकदा चकचकीत सुरी आणली. मूठ सुबक, पाते आरशासारखे, किंमतही भरपूर. महिना-दोन महिन्यांत ती इतकी बोथट झाली की टमाटा, ज्याला आमच्या खेड्यांत अजून भेदरे म्हणतात, तिच्याखाली चिरण्याऐवजी दबून फुटू लागला आणि कांदा चिरताना डोळ्यांना धारा लागल्या. याचे कारण साधे आहे. कांद्याच्या पेशींत दोन द्रव्ये अलग अलग असतात. पेशी चिरडली की ती एकत्र येतात आणि त्यांपासून डोळ्यांना झोंबणारा वायू उत्पन्न होतो. तीक्ष्ण पाते मोजक्याच पेशी तोडून पार निघून जाते, बोथट पाते आजूबाजूच्या सगळ्यांना चिरडीत जाते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने काढलेला ‘अकोला सफेद’ असो वा बाजारातला लाल, कांद्याच्या तिखटपणाला आपण जो दोष देतो त्यातला बराचसा पात्याच्या पदरी घातला पाहिजे.

न गंजणारे पोलाद वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. इंग्लंडात शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली याने १९१३ साली ते सिद्ध केले आणि त्यातल्या क्रोमियममुळे लिंबू, चिंच, टमाटा यांचा आंबटपणा पात्याला लागेनासा झाला, हा स्वयंपाकघरावर मोठाच उपकार झाला. फळे आणि आंबट जिन्नस यांसाठी मी तशीच एक लहान सुरी वापरतो आणि ती मला प्रिय आहे. वीतभर लांबीची, टोकाशी निमुळती, बटाट्याचे डोळे काढण्यात आणि कारल्याच्या बिया कोरण्यात तिच्यासारखी दुसरी नाही. परंतु स्वस्तातल्या चकचकीत सुऱ्यांची धार एकदा गेली की ती घरच्या घरी परत आणणे कठीण, आणि आमच्या लोखंडी पावशीला मात्र चिनी मातीच्या बरणीच्या बुडाची खरखरीत कडा दहा-वीस वेळा फिरवली की पुरते. बरणी पालथी घालून, पाण्याचा थेंब टाकून, पाटाकडून टोकाकडे असा एकाच दिशेने हात नेणारी माझी आई मला अजून दिसते.

वर्षातून एकदा मात्र पावशी लोहाराच्या हवाली होई. दिवाळीनंतर गावाबाहेरच्या माळावर घिसाड्यांच्या गाड्या मुक्कामाला येत. पुरुष सांडशीत तापले लोखंड धरून ऐरणीवर फिरवीत आणि त्यांच्या बायका उभ्या राहून घण घालीत. पाते लालबुंद करून, कडा ठोकून पातळ करायची आणि मग पाण्यात बुडवायची. या पाणी देण्यातच त्या विद्येचे सारे मर्म आहे. कमी पडले तर पाते मऊ राहून दुमडते, अधिक झाले तर काचेसारखे तडकते. “माय, पाणी जास्त देल्लं तं पातं तुटते,” असे त्यांच्यातला एक वृद्ध आईला सांगे, पात्यावर टिचकी मारून नाद ऐके आणि समाधान न झाल्यास पुन्हा भट्टीत घाली. आमच्या गावच्या कालंकादेवीच्या मंदिरात शके १०९८ चा, म्हणजे इसवी सन ११७६ चा, शिलालेख आहे. त्याची अक्षरे पाहताना मला नेहमी वाटते की ज्या टाक्यांनी हा काळा पाषाण कोरला त्या पुन्हापुन्हा अशाच एखाद्या भट्टीवर गेल्या असतील, कारण दगडापुढे पोलादाची धार फार वेळ टिकत नाही. राजांची नावे शिलेवर राहिली. टाक्यांना पाणी देणाऱ्याचे नाव कोठल्याही दप्तरात नाही.

पावशी घरांतून का जात आहे हेही मला ठाऊक आहे. गॅसची शेगडी आली, तिच्यासाठी कमरेइतका उंच ओटा आला, आणि ज्या स्वयंपाकाची सारी तजवीज जमिनीवर बसून होत असे तो उभा राहिला. उभ्या माणसाच्या हातात सुरीच शोभते. गुडघ्यांची तक्रारही खरी आहे. माझ्या पत्नीला दोन वर्षांपासून खाली बसवत नाही, म्हणून ती ओट्याशी उभी राहून फोडणीचे पाहते आणि मी खाली पावशीवर बसून तिला चिरलेल्या भाजीचे ताट वर देतो. ही वाटणी आम्हा दोघांनाही मानवली आहे. तरुणांनी उभ्यानेच स्वयंपाक करावा, मात्र हातातल्या पात्याला धार आहे की नाही एवढे पाहावे. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो, जोर दिला की ते घसरते, आणि घसरलेले पाते बोटातच जाते. माझ्या डाव्या तर्जनीवरची खूण त्या चकचकीत सुरीचीच आहे, पावशीची नव्हे.

नागपंचमीला आमच्याकडे काही चिरायचे नाही, कापायचे नाही, तवा चढवायचा नाही; त्या दिवशी पावशी धुऊन भिंतीशी आडवी पडून असते आणि घरात पुरणाची दिंडे उकडतात. खंडेनवमीला तिला हळदकुंकू आणि झेंडूचे फूल मिळते, अडकित्त्याच्या आणि सुरीच्या पंक्तीला. आजही वऱ्हाडात अनेकांच्या माळ्यावर आजीची पावशी फडक्यात गुंडाळलेली असेल. ती या खंडेनवमीच्या आधी खाली काढावी, पाते तेलाच्या बोळ्याने पुसावे, गंज खोल गेला असेल तर भंगारात न घालता गावात येणाऱ्या लोहाराकडे द्यावी, आणि तो जे दाम सांगेल ते घासाघीस न करता त्याच्या हातावर ठेवावे.